सही

आमच्या घरात सही मागायला माझ्याकडे सहसा कोणी येत नाही. कुरिअरवाला आला की सून लगबगीने पुढे होते. सभेचे कागद घेऊन सोसायटीचे सेक्रेटरी आले की मला नमस्कार करून ते थेट मुलाच्या खोलीकडे वळतात. यात माझा अनादर करण्याचा कोणाचाही हेतू नसतो. मी कागद वाचतो, एवढाच माझा दोष. वाचून झाला की उलटून पाहतो, आणि मागची बाजू कोरी असली तर ती खरोखरच कोरी आहे ना, याचीही खात्री करून घेतो. तोवर कुरिअरवाल्याला चहा द्यावा लागतो.

गेल्या श्रावणात मात्र नातीचा नाइलाज झाला. आईबाप दोघेही परगावी गेलेले, आणि पहिल्या चाचणीचे प्रगतिपत्रक दुसऱ्या दिवशी सही करून न्यायचे. पेनाचे टोपण आधीच काढून ती माझ्यापुढे उभी राहिली.

"आबा, इथे. नुसती सही करायची आहे."

मी चष्मा लावला. तिने एक दीर्घ उसासा टाकला. मराठी, हिंदी, गणित असे करीत मी खाली उतरलो आणि सवयीने बेरीज केली. एकूण गुण एकाने जास्त होते. पुन्हा केली. पुन्हा एक जास्तच.

"तुझ्या बाईंची बेरीज चुकली आहे."

"कमी दिलेत?" तिचा चेहरा उजळला.

"नाही. एक जास्त दिला आहे."

"मग काय झालं? बाईंनी वर सही केलीय ना? तुम्हीपण करा. बाबा नुसती करतात!"

'नुसती सही' हे दोन शब्द कानांवर पडले आणि माझी सगळी नोकरी एका क्षणात डोळ्यांपुढून गेली.

मी पस्तीस वर्षे विमानांच्या कामात होतो, त्यांतली बरीचशी लष्करी विमानांच्या. हे ऐकले की नवा शेजारी खुर्ची पुढे ओढतो.

"म्हणजे आपण विमान चालवत होता?"

"नाही."

"बनवत होता?"

"नाही."

"मग दुरुस्त करीत असाल."

"तेही नाही."

"मग करीत होता तरी काय?"

"सही करीत होतो."

इथे शेजारी खुर्ची मागे नेतो. पण हे उत्तर विनोदासाठी दिलेले नसते. माझ्या हुद्द्याचे नाव 'सीनियर एअरवर्दिनेस इंजिनिअर'. मराठीत याला उड्डाणयोग्यता म्हणतात. विमानाचा आराखडा करणारा म्हणतो, हे उडेल. कारखाना म्हणतो, आराखड्याबरहुकूम बनवले आहे. मेकॅनिक म्हणतो, नादुरुस्त होते ते दुरुस्त केले. वैमानिक तर पायऱ्या चढून बसलेलाच असतो. या सगळ्यांच्या मध्ये उभे राहून "कशावरून?" असे विचारणारा एक माणूस लागतो. तो मी. आपल्याकडे नागरी विमानांच्या बाबतीत हा प्रश्न डीजीसीए विचारते. लष्करी विमानांच्या आराखड्यांना तो विचारण्यासाठी बंगळुरूला 'सेमिलॅक' नावाची संस्था आहे. ठिकाण कोणतेही असो, धंदा तोच. कशावरून? समाधानकारक उत्तर मिळाले की सही करायची, नाही मिळाले की करायची नाही. भाजीतल्या मिठासारखे हे काम आहे. नीट झाले तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

हा धंदा मी कॉलेजात शिकलो असे माझ्या पदव्यांवर लिहिले आहे. खरे म्हणजे तो मी एसटीच्या एका डेपोत, अर्ध्या चड्डीत असताना शिकलो. आमचे अण्णा तिथे मेकॅनिक होते. गाडी निघण्यापूर्वी ते लांब दांड्याची एक हातोडी घेऊन चाकांभोवती फिरत आणि प्रत्येक नटावर एकेक टोला मारीत. नट घट्ट असला की खणखणीत आवाज येई. सैल असला की बद्द. माझ्या कानाला दोन्ही सारखेच वाटत. अण्णा मात्र एखाद्या नटापाशी थबकत, पुन्हा टोला मारीत, मान तिरपी करीत. गाडीत माणसे कोंबलेली, कंडक्टर घंटीच्या दोरीला हात लावून उभा, ड्रायव्हर इंजिन गुरगुरवतो आहे, आणि अण्णा आपले मान तिरपी करून उभे! सगळे नट खणखणीत वाजले की मगच ते हात वर करीत आणि म्हणत, "जाऊ द्या." कागद नाही, शिक्का नाही. ते "जाऊ द्या" हीच त्यांची सही. खंडेनवमीला ते त्या हातोडीला हळदकुंकू वाहत. ती हातोडी आज माझ्या टेबलाच्या खणात आहे.

विमानाच्या नटावर टोला मारून भागत नाही. तिथे "कशावरून?"चे उत्तर मिळवण्यासाठी फार मोठा खटाटोप करतात. पंखावर उभ्या आयुष्यात जास्तीत जास्त जेवढा भार येण्याचा संभव, त्याच्या दीडपट भार त्याने किमान तीन सेकंद तरी न मोडता सोसला पाहिजे, असा दंडक आहे. बोइंग ७७७च्या वेळी, १९९५ साली, एक अख्खे विमान सांगाड्यात जखडून त्याचे पंख धनुष्यासारखे वर ओढले. दीडपटीच्या थोडे पुढे, १५४ टक्क्यांवर, ते कडाडून मोडले आणि इंजिनिअर मंडळी खूश झाली. कोट्यवधींचा पंख मोडल्याचा आनंद मानणारा हा एकच धंदा असेल! दीडपटीचा हा हिशेब ऐकून आमची आई मात्र मुळीच चकित झाली नव्हती. दिवाळीत दहा माणसे यायची असली की ती पंधरांचा फराळ करी. ती म्हणाली, "त्यात काय शिकायचं? अंदाज चुकतोच."

पण नुसत्या ताकदीने भागत नाही, हे जगाला कळले ते 'कॉमेट'मुळे. प्रवासी घेऊन नियमित उडणारे जगातले हे पहिले जेट विमान. मे १९५२ मध्ये ते वापरात आले, दिसायला देखणे नि वेगाने बिनतोड. पुढे १९५४च्या जानेवारीत आणि एप्रिलमध्ये दोन कॉमेट इटलीजवळच्या समुद्रावर आकाशातच फुटली. एकूण ५६ माणसे गेली. कारण समजेना. तेव्हा फार्नबरोच्या शास्त्रज्ञांनी एक आख्खे कॉमेट पाण्याच्या प्रचंड टाकीत बसवले आणि त्याच्या केबिनमध्ये पाण्याचा दाब भरायचा नि सोडायचा, भरायचा नि सोडायचा, असा क्रम रात्रंदिवस चालवला. प्रत्येक वेळचा दाब म्हणजे एक उड्डाण. आधीची खरी आणि टाकीतली ही लुटुपुटीची अशी मिळून तीन हजारांच्या आसपास उड्डाणे झाली आणि एका झरोक्याच्या कोपऱ्यातून केबिन फाटली. एका वेळी तो पत्रा सहज सोसत होता तेच ओझे हजारो वेळा सोसून तो थकला होता. धातूही थकतो, आणि थकताना तोंडातून अवाक्षर काढीत नाही.

कॉमेटचे धडे सगळ्यांनी गिरवले. त्याची बांधणी सुधारली, आणि पुढे त्याच घराण्यातून ब्रिटिश हवाई दलाचे 'निमरॉड' हे टेहळणीचे विमान निघाले. ते चाळीसेक वर्षे उडाले. २ सप्टेंबर २००६ रोजी अफगाणिस्तानवर उडत असताना, हवेतच इंधन भरून घेतल्यावर थोड्याच वेळात एका निमरॉडला आग लागली. आतली १४ही माणसे गेली. गळलेले इंधन एका तापलेल्या नळीपर्यंत पोहोचले होते. हॅडन-केव्ह या कायदेपंडितांनी चौकशी करून २००९ साली अहवाल दिला. त्यात पत्र्यापेक्षा माणसांविषयी जास्त लिहिले आहे. या विमानात कोणकोणते धोके आहेत ते शोधण्याचे काम काही वर्षांपूर्वीच रीतसर झाले होते. जाडजूड दस्तऐवज तयार होता, त्याला मान्यताही मिळाली होती. पण तो चुकांनी भरलेला होता. एवढी वर्षे उडते आहे म्हणजे विमान सुरक्षितच असणार, असे सगळ्यांनी मनात आधीच ठरवून टाकले होते. मग शोधायचे ते काय? कागद पुरा करायचा होता, तो झाला.

या एकाच घराण्याच्या दोन गोष्टी मी शेजारी शेजारी ठेवतो तेव्हा मला वाटते, पहिलीत धातू थकला होता, आणि दुसरीत सही थकली होती. तीच सही, त्याच चौकोनात, हजारो वेळा. तिला बाहेरून तडा दिसत नाही. अक्षर तेच, वळण तेच, खालची रेघ तशीच झोकदार. पण आतून ती केव्हाच फाटलेली असते.

हे मी आज सुचले म्हणून लिहीत नाही. निमरॉडच्या त्या अहवालावर मी आमच्या नव्या मुलांपुढे तीनदा व्याख्यान दिले होते. चित्रे दाखवून, आवाजात चढउतार करून दिले होते. तिसऱ्या व्याख्यानानंतर टाळ्याही पडल्या होत्या.

आणि मग २०११ सालची दिवाळी आली.

नरक चतुर्दशीच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ. मोठ्या दुरुस्तीनंतर एक विमान तयार होत होते आणि दुसऱ्याच दिवशी ते चाचणीसाठी उडायचे होते. शेवटचे कागद माझ्यापुढे आले. साठेक पाने. सुपरवायझर म्हणाला, "साहेब, सगळं झालंय. एवढ्या सह्या झाल्या की आम्ही सुटलो." त्याच्या घरी करंज्यांचा घाणा पडला होता, तसा तो सगळ्यांच्याच घरी पडला होता.

त्या पानांत 'हत्यारे पूर्ण' असे एक पान असते. आमच्याकडच्या प्रत्येक हत्यारपेटीत प्रत्येक हत्याराच्या आकाराची खाच असते. काम सुरू करताना मोजायचे, संपवताना मोजायचे. खाच रिकामी दिसली की हत्यार विमानात राहिले असे धरून चालायचे. पानावर मेकॅनिकची सही, सुपरवायझरची सही, आणि पेटी उघडून स्वतः पाहिल्यावर माझी. पेटी दहा पावलांवर, टेबलावर, झाकण लावून ठेवली होती. दहा पावले. मी ती चाललो नाही. वरच्या दोन सह्या पाहिल्या आणि तिसरी केली.

साडेसातच्या सुमाराला मी स्कूटर काढत होतो. अंधारातून एक मुलगा पुढे आला. नवा मेकॅनिक, साताऱ्याकडचा. तेविसाव्या वर्षी माणूस जेवढा घाबरू शकतो तेवढा घाबरलेला.

"साहेब, एक सांगायचं होतं. पेटीत एक बिट कमी आहे."

स्क्रू-ड्रायव्हरला बसवायचे इंचभर लांबीचे पोलादी टोक. घाईघाईत त्याने पेटीवरून नुसती नजर फिरवून 'पूर्ण' म्हटले होते. हात धुताना मनाला खटकले म्हणून परत जाऊन पेटी उघडली, तो एक खाच रिकामी.

"कोणाला सांगितलंस?"

"कोणालाच नाही, साहेब. सुपरवायझर गेले. तुम्हीच दिसलात."

त्या वेळी माझ्या मनात काय आले ते इथे लिहून ठेवतो. तेवढे केले नाही तर या लेखाला काही अर्थ नाही. पहिला विचार आला तो, याला मी पाच मिनिटे आधी निघून गेलेलो का दिसलो नाही! दुसरा विचार याहून वाईट होता. असले बिट बाजारात पाचपन्नास रुपयांना मिळते. नवे आणून खाचेत ठेवले की पेटी पूर्ण, पान खरे, सही खरी. आम्ही दोघे सोडून कोणालाही कधीही कळणार नाही.

आमचे अण्णा स्क्रू-ड्रायव्हरला 'डिसमिस' म्हणत. त्यांच्या पिढीचे बरेच लोक म्हणत. त्या मुलाच्या चेहऱ्याकडे पाहताना मला अवेळी तो शब्द आठवला. आपल्या नोकरीचे काय होणार, हे त्याने मनाशी ठरवूनच टाकले होते. आणि तरीही तो सांगायला आला होता. मी स्कूटर पुन्हा स्टँडवर लावली.

उड्डाण रद्द झाले. अकरा माणसे घरून परत आली. कोणी काही बोलले नाही, आणि तेच फार बोचले. विमानाचे जोडलेले पत्रे पुन्हा उघडले. आरसे, विजेऱ्या, चुंबके, नळीच्या टोकाला डोळा असलेला बोरोस्कोप, सगळे आले. पहाटे चार वाजता वसाहतीतून पहिल्या फटाक्यांचा आवाज आला. घरोघर उटणी लागत होती. आमचे हात ग्रीसने माखले होते. दुपारी एकच्या सुमाराला एकाने हाक दिली. वैमानिकाच्या पायाखालच्या पत्र्याखाली, सुकाणूच्या दांड्या जातात त्यांच्या बाजूच्या एका कंगोऱ्यावर, ते बिट शांत पहुडले होते.

ते तिथे दहा वर्षे तसेच पडून राहिले असते. किंवा पहिल्याच वळणात घरंगळून दांडीच्या सांध्यात अडकले असते. कोण सांगणार? आमचा सगळा धंदा या 'किंवा'वर चालतो.

अहवाल मी लिहिला. मुलाची घाई लिहिली, सुपरवायझरची लिहिली, आणि तिसऱ्या परिच्छेदात लिहिले की, शेवटची सही पेटी न पाहता करण्यात आली व ती माझी आहे. वरिष्ठांनी वाचून चष्मा काढला. "मोजायला मुलगा चुकला, तेवढं पुरे आहे. तुम्ही स्वतःला कशाला गोवता?" ते माझ्या हिताचेच बोलत होते. मी परिच्छेद तसाच ठेवला. त्या वर्षी माझी बढती निघणार होती, ती निघाली नाही. या अहवालामुळेच असे कोणी म्हटले नाही. मीही कधी विचारले नाही.

मुलाशी काही सोबती आठवडाभर अबोला धरून होते. दिवाळी बुडाल्याचा राग माणसाला लवकर सोडत नाही. पण वरिष्ठांची एक गोष्ट मी विसरणार नाही. सुटीनंतर पहिल्याच दिवशी सगळ्यांना जमवून त्यांनी त्या मुलाशी हस्तांदोलन केले आणि "याने सांगितले" एवढेच म्हणाले. त्यानंतरच्या वर्षभरात आणखी दोघे जण आपापली चूक सांगायला आपण होऊन आले. त्यापूर्वी कित्येक वर्षांत कोणी आले नव्हते. म्हणजे त्यापूर्वी चुका होतच नव्हत्या, असे थोडेच आहे!

न बोलण्याची किंमत काय असते, याचे एक उदाहरण मी पुढे प्रत्येक व्याख्यानात सांगत आलो. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर एका बोइंग ७३७चे छप्पर उडता उडता उघडले गेले. एक हवाई सेविका बाहेर फेकली गेली. वैमानिकांनी विमान कसेबसे उतरवले म्हणून बाकीचे वाचले. मागाहून एका प्रवासी बाईने सांगितले की, विमानात चढताना तिला दाराजवळच्या पत्र्यात तडा दिसला होता. तिने कोणालाच सांगितले नाही. मी तिला दोष देत नाही. एवढी शहाणी माणसे आहेत, त्यांनी पाहिलेच असेल, असे तिला वाटले असेल. वरच्या दोन सह्या पाहून मला तरी दुसरे काय वाटले होते?

त्या वर्षी भाऊबीज उलटून गेल्यावर मी गावी गेलो. अण्णा तेव्हा ऐंशीच्या पुढे होते. कान गेले होते. सगळी हकीकत त्यांच्या कानाशी मोठ्याने सांगावी लागली, आणि आपली चूक मोठ्याने सांगणे हे किती अवघड असते ते मला तेव्हा कळले. त्यांनी पूर्ण ऐकून घेतले. मग मान तिरपी केली, अगदी चाकापाशी करीत तशी.

"पोरगा आपण होऊन आला?"

"हो."

"मग आवाज खणखणीत आहे," ते म्हणाले. थोडा वेळ थांबून माझ्याकडे पाहत म्हणाले, "तुझा जरा बद्द वाजला होता. आता घट्ट बसला असेल."

नातीला मी यांतले काही सांगितले नाही. एका मार्कासाठी एवढे पुराण कोण ऐकणार? मी पेनाला टोपण लावले आणि प्रगतिपत्रक तिच्या हातात परत दिले. "आधी बाईंना दाखव. मग मी करतो." ती रात्री माझ्याशी बोलली नाही. जेवताना वरणाची वाटीसुद्धा तिने माझ्यापासून लांब सरकवून ठेवली.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आली ती थेट माझ्या खोलीत.

"कापला?" मी विचारले.

"कापला." मग दप्तर उतरवता उतरवता म्हणाली, "पण आबा, बाईंनी मग सगळ्या वर्गाची प्रगतिपत्रकं परत घेतली. चौघांच्या बेरजा चुकल्या होत्या. दोघांना जास्त होते, नि दोघांना कमी. ते दोघे मला थँक यू म्हणाले."

"आणि जास्तवाले?"

"ते नाही बोलत माझ्याशी."

"आठवडाभर," मी म्हणालो. "मग बोलतात."

तिने प्रगतिपत्रक पुढे केले. खोडलेल्या आकड्याशेजारी नवा आकडा होता, आणि त्याच्याखाली बाईंची नवी सही. मी पेन उघडले आणि ठरलेल्या चौकोनावर टेकवले. तिने पटकन माझा हात धरला.

"थांबा आबा," ती म्हणाली. "आधी वाचा."